मोटेचे सहा धनी

मोट ही एका माणसानं केलेली वस्तू नव्हे. विहिरीतून पाणी ओढायचं कातड्याचं भलंमोठं भांडं, एवढीच तिची ओळख आता उरलीय, तीही शाळेच्या पुस्तकातल्या चित्रामुळं. पण ती तयार कशी व्हायची हे नीट मांडायचं म्हटलं, तर सगळा गाव एका जागी उभा करावा लागतो. गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम महाराचं. कातडं कमवायचं ढोरानं. चुन्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात ते दिवसेंदिवस मुरवायचं. शिवायची चांभारानं, काही गावांत ढोरच शिवायचा. ओढायचा जाड नाडा आणि सोंडेची बारीक सोंदूर वळायची मांगानं, अंबाडीच्या नाहीतर केकताडाच्या वाखाची. चाक आणि खालचा रूळ सुताराचा. चाकाचा आस आणि मोटेच्या तोंडाचं कडं लोहाराचं. ही सहा घरं राबली की मग सातवा, म्हणजे आमच्यासारखा विहिरीचा मालक, बैल धावेवर घालायचा आणि नाड्यावर बसून गाणी म्हणायचा.

गाणी तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली.

या सहा जणांना मोटेची किंमत अशी वेगळी मिळायची नाही. सुगी झाली की खळ्यावर यायचं आणि आपलं बलुतं न्यायचं. पेंढ्या किती, पायल्या किती, ते घराघराच्या रिवाजानं ठरलेलं. कुणाला आधी, कुणाला मागनं, कुणी खळ्यात यायचं आणि कुणी बाहेर उभं राहायचं, हेसुद्धा ठरलेलं. जुन्या लिखाणात बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्यात, थोरली, मधली आणि धाकटी. कोण कुठल्या ओळीत ही यादी मुलूख बदलला की बदलते, पण ओळी लावायची सवय सगळीकडं सारखी. महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गाव-गाडा’ हे पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा पसारा बारकाईनं मांडलाय. आत्र्यांची नजर कुणब्याच्या बाजूची होती. एवढे हक्कदार पोसताना कुणब्याच्या पदरात काय उरतं, हा त्यांचा प्रश्न. तोच हिशेब बलुतेदाराच्या बाजूनं मांडणारी पुस्तकं मराठीत यायला पुढं बरीच वर्षं गेली. 1978 साली दया पवारांचं आत्मकथन आलं, त्याचं नावच ‘बलुतं’. आमच्या घरात हा शब्द सुगीच्या आठवणीत निघायचा, हसतखेळत. त्या पुस्तकात तोच शब्द हसतखेळत निघत नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की आमच्या गावानं मध्यंतरी जुन्या हत्यारांचं आणि कारागिरीचं संग्रहालय करायचं ठरवलं, आणि त्या खटपटीत मी होतो. आमच्या गोठ्याच्या आढ्याला एक मोट टांगलेली होती. इंजिन आलं तेव्हा मी चौथीत होतो. वडलांनी मोट उतरवून तेल लावून वर टांगली ती टांगलीच. ती द्यायची, एवढं माझ्या मनात पक्कं होतं. बाकी काय करायचं, कुठं ठेवायचं, कुणाला विचारायचं, ह्याचा काही अंदाज नव्हता.

आमच्या भागात संग्रहालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं दोन नमुने येतात. एक पुण्याचं केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणारे कवी. त्यांनी 1920च्या आसपास वस्तू जमवायला सुरुवात केली ती जन्मभर. दिवे, अडकित्ते, पेटारे, दारं, वाद्यं, असा वीसएक हजार वस्तूंचा साठा त्यांनी उभा केला आणि लहानपणीच गेलेल्या राजा ह्या मुलाचं नाव त्याला दिलं. राजेरजवाड्यांच्या तलवारी सोडून बायकांच्या हातातल्या रोजच्या वस्तूंकडं कुणी बघतही नव्हतं त्या काळात ह्या माणसानं त्या सांभाळल्या, हे ऋण मोठं आहे. पण एखाद्या अडकित्त्यापुढं उभं राहिलं की वाटतं, हा घडवला कुणी? कुठल्या गावच्या कुठल्या भट्टीत? घडवणारे सगळेच अज्ञातवासी.

दुसरा नमुना आमच्या हाकेच्या अंतरावर, कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. कोल्हापूरच्या दक्षिणेला महामार्गापासून थोडं आत गेलं की काही एकरांत अख्खं गाव उभं केलंय. माणसाएवढे पुतळे. लोहार भाता ओढतोय, कुंभार चाकावर बसलाय, बाया दळतायत, मोट चाललीय. सहलीची पोरं रांगेनं येतात, आणि येतात तेही बरंच. शहरातल्या ज्या पोरानं बैल जवळून पाहिला नाही त्याला तिफण म्हणजे काय ते तिथं कळतं. माझी तक्रार एवढीच की त्या गावात सगळ्यांचे चेहरे समाधानी आहेत. कुणाचं कुणाशी भांडण नाही, कुणाचं बलुतं थकलेलं नाही, खळ्याबाहेर कुणी ताटकळत नाही. पुतळ्याला आपली कैफियत सांगता येत नाही, ही त्याची मोठी सोय असते.

आमच्या सभेत पहिल्यांदा हेच निघालं. ‘कणेरीसारखं करूया, पुतळं उभं करूया.’ पुतळ्याचा भाव कळल्यावर तो विषय आपोआप मिटला. मग कोल्हापुरात आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी तिच्या अभ्यासासाठी गावात आली होती, तिनं सांगितलं की तुम्ही इको म्युझियम करा. इको म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं झाडं लावायचीत. सरपंचांनी तर रोपवाटिकेत फोनही लावला. तिनं मग फोडून सांगितलं, आणि नंतर मी जमेल तसं त्याबद्दल वाचलं. थोडक्यात सांगतो, कारण आमचा पुढचा सगळा व्यवहार त्या कल्पनेवरच उभा राहिला.

युरोपात खेडी ओस पडायला लागली तेव्हा स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस नावाच्या माणसानं 1891 साली स्टॉकहोममध्ये स्कान्सेन नावाचं उघड्यावरचं संग्रहालय केलं. देशभरातली जुनी लाकडी घरं उचलून आणली आणि एका टेकडीवर मांडली. घरं वाचली, पण आपल्या गावातनं उठली. पुढं फ्रान्समध्ये जॉर्ज-आन्री रिव्हिएर आणि ह्यूग द वारीन ह्या दोघांनी उलटा विचार केला. वस्तू उचलायचीच कशाला? ती जिथं आहे तिथंच राहू दे, ज्याची आहे त्याच्याच घरात. सगळा मुलूखच संग्रहालय, आणि तिथं राहणारी माणसं त्याची राखणदार. ‘इको म्युझियम’ हा शब्द 1971 साली निघाला. त्यातला ‘इको’ झाडांचा नाही, घराचा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच घर, राहतं ठिकाण.

त्याचा गाजलेला नमुना फ्रान्समधल्या ल क्रूझो गावचा. तिथं श्नायडर घराण्याचा लोखंड-पोलादाचा अवाढव्य कारखाना होता. गावातली शाळा, दवाखाना, घरं, सगळं मालकाचं. कारखान्याचे मालक ज्या वाड्यात राहायचे, त्याच वाड्यात सत्तरच्या दशकात कामगारांच्या इतिहासाचं संग्रहालय सुरू झालं. मला ही गोष्ट फार आवडली. पाटलाच्या वाड्यात बलुतेदारांची बैठक बसावी, तसं ते झालं. पुढं 1984 साली कारखाना चालवणारी कंपनीच दिवाळ्यात निघाली, आणि काल चालू असलेलं काम आज ‘वारसा’ होऊन बसलं. लोकांची रोजी गेली तेव्हा वस्तूंना मोल आलं. ह्यात एक बोच आहे, आणि ती आमच्या गावात पावलोपावली टोचली.

पहिला सुतारवाडा. सुतारनाना पंच्याऐंशीचे. त्यांच्याकडं वाकस, किंकरं, पटाशी, रंधे, सगळं पेटीत नीट. त्यांनी पेटी उघडून दाखवली आणि म्हणाले, ‘घेऊन जा गुर्जी. पर एक लिवा. आमचा धंदा इंजनानं न्हाई बुडवला, किर्लोस्करानं बुडवला.’ म्हातारा बोलला ते इतिहासाला धरून होतं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बेळगावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून सुरुवातीला शेतकरी तो नांगर घेत नव्हते, ही गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. ती आपण अडाणीपणाचा किस्सा म्हणून सांगतो. नानांचं म्हणणं वेगळं होतं. ती अफवा कुणी उठवली असेल? ज्याचं पोट लाकडी नांगरावर होतं त्यानंच की. नाना हे सांगताना गालातल्या गालात हसत होते. पुरावा काही नाही, पण ही शक्यता मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

लोहाराच्या घरात आता कर्ता पुरुष कुणी नाही. आक्का एकट्या. भाता पडवीत, त्याचं कातडं उंदरांनी खाल्लेलं. ‘भाता नेतो, नीट करून ठेवतो,’ म्हटल्यावर आक्का एकदम उसळल्या. ‘कशाला? चाळीस वर्सं वढला मी त्यो. ह्यांचं नाव व्हईल, लोहाराचा भाता म्हून. वढणारीचं नाव कोण लिवनार?’ खरंच होतं. ऐरणीवर घण घालणारा दिसतो. भाता ओढणारी बाई मागं अंधारात बसलेली. कुंभाराच्या घरीही माती मळणारी, मडकी उन्हाला लावणारी बाईच, आणि चपलेची वेणी घालणारीही बाईच. बलुतेदारांच्या याद्यांत बायकांचा रकाना नाही.

चांभार आळीतल्या तात्यांची तऱ्हा निराळी. त्यांचा धंदा चालू आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात आहेत. तात्या पारंपरिक कापशी घाटाची चप्पल करतात. दोन तळ, मध्ये भरण, सगळं चामड्याच्या वादीनं शिवलेलं, खिळा कुठंही नाही. कातडं आता गावात कमावलं जात नाही, बरंचसं मद्रासकडनं येतं. 2015 साली गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यावर कातड्याचं गणितच बदललं, हे तात्या बोटं मोजून सांगतात. 2025 साली इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच घाटाच्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा इकडं केवढा गहजब झाला. नंतर कंपनीनं उगम मान्य केला. आम्ही तात्यांकडं गेलो ते त्याच्या आधी, पण त्यांचं उत्तर तयार होतं. रापी आणि आरी मागितली तर म्हणाले,

‘रापी दिली तर सांच्याला कापू कशानं? आन् चप्पल म्हणाल तर इकत घ्या. संग्रहालयात ठिवायला ती मेलीया व्हय?’

तात्यांच्या ह्या एका वाक्यानं आमचा अर्धा आराखडा रद्द झाला. जे चालू आहे ते कपाटात घालायचं नाही, हे त्या दिवशी ठरलं.

सगळ्यात अवघड पाऊल बौद्धवाड्याकडचं. इथं थोडा इतिहास सांगायला हवा. आमचा मुलूख कोल्हापूर संस्थानातला. शाहू महाराजांनी 1918 सालीच संस्थानात महार वतनं रद्द करून जमिनी रयताव्यानं दिल्या. तिकडं मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी 1928 साली वतन कायदा बदलायचं विधेयक कौन्सिलात मांडलं, पण ते काही तडीस गेलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं मुंबई राज्यात कायद्यानं संपली ती 1958च्या कायद्यानं. त्याआधी 1927 साली महाडात बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका, त्यांचं मांस खाऊ नका असं सांगितलं होतं. गावोगावी लोकांनी ते काम टाकलं, आणि टाकलं म्हणून मारही खाल्ला. तेव्हा मोटेच्या सहा धन्यांतला पहिला जो, त्यानं आपला वाटा सुखासुखी सोडला नाही, भांडून सोडला. सुताराला धंदा गेल्याचं दुःख. ह्या घरांना काम सुटल्याचा अभिमान. एकाच संग्रहालयात ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा मांडायच्या, ह्याचं उत्तर फ्रान्सच्या पुस्तकात मला सापडलं नाही.

तिथले एक निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे, वयानं माझ्यापेक्षा मोठे. त्यांच्या आजोबांकडं वेसकराची घुंगरांची काठी होती असं मी लहानपणी ऐकलेलं. ते म्हणाले, ‘होती ना. छप्पन सालानंतर आजोबांनी स्वतःच्या हातानं चुलीत घातली. त्या दिवशी आमच्या घरात गोड केलेलं.’ मी गप्प बसलो. तेच पुढं म्हणाले, ‘गुरुजी, तुमच्या वहीत नोंद करा. पण मी सांगतो तशी करा.’ त्यांनी सांगितलेली नोंद अशी आहे: वस्तू – वेसकराची काठी. ठिकाण – नाही. मालकानं स्वतः जाळली. कारण विचारल्यास सांगितलं जाईल.

वहीत हा नोंद क्रमांक 14. लोक आता तो वाचायला खास येतात.

मधल्या काळात आम्ही चारपाच जण कोकणात पिंगुळीला जाऊन आलो. कुडाळजवळचं हे गाव. तिथला ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करत आलेला. सावंतवाडीच्या संस्थानाचा त्यांना आश्रय होता. देवळांतून खेळ करायचे त्यांचे हक्क बांधून दिलेले. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या कथांची चित्रं एकामागून एक दाखवायची आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं कथा गायची. संस्थान गेलं, सिनेमा आला, आणि कला उतरणीला लागली. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गोठा म्हटल्यावर आमच्यातल्या काहींची थोडी निराशा झाली. पण आत गेल्यावर फरक कळला. जुनी चित्रं, बाहुल्या, वाद्यं भिंतीला होतीच, पण ती दाखवणारा माणूस घरचा. विचारलं तर बाहुली हातात घेऊन नाचवून दाखवणार, आणि पलीकडं घरातलीच पुढची पिढी नवी चित्रं रंगवत बसलेली. ती विकत मिळतात. म्हणजे जपणं, शिकवणं आणि पोट भरणं एकाच अंगणात. जवळच सावंतवाडीत दुसरी तऱ्हा आहे. तिथं गंजिफा आणि लाखकाम राजघराण्यानं पुढाकार घेऊन राजवाड्यात टिकवलं. तेही मोलाचं, नाहीतर गोल गंजिफा आज बघायला मिळाल्या नसत्या. पण राजवाड्यातला कारागीर मालकाच्या छपराखाली बसतो, पिंगुळीचा स्वतःच्या. छप्पर कुणाचं हे बघायची मला तेव्हापासून खोड लागली.

येताना गाडीत वाद झाला. पिंगुळीत एक समाज, एक कला, एक घराणं. आपल्याकडं बारा घरं आणि बारा तोंडं. त्यांचं आपल्याला कसं लागू पडणार? प्रश्न बरोबर होता. म्हणून परत आल्यावर आम्ही इमारतीचा नाद सोडला आणि आधी कारभार ठरवला. ते सांगतो, कारण असल्या कामात लोक इमारतीनं सुरुवात करतात आणि कारभारावर येईतो भांडणं लागतात.

शाळेची एक जुनी खोली ग्रामसभेच्या ठरावानं मिळाली. तिथं वस्तू फार ठेवायच्या नाहीत. नोंदवही, फोटो आणि गावाचा मोठा नकाशा ठेवायचा. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी. कुणाच्या घरी काय आहे ते नकाशावर क्रमांकानं. बघायला येणाऱ्यानं आधी खोलीत यायचं, मग घर मालकाला विचारून आमच्यातला एक जण सोबत जाणार. घरच्यांना नको असेल त्या दिवशी नको. वस्तू दिली तरी मालकी घराचीच, कधीही परत नेता येईल, अशी चिठ्ठी दोन प्रतींत. कपाट आणि कुलूप बघून हरखणाऱ्या मंडळींना हे अजिबात पटलं नाही. ‘लोक इकून टाकतील,’ म्हणाले. एकानं विकलीही, पितळी समई, पुण्याच्या जुन्या वस्तूवाल्याला. वहीत तिच्यापुढं ‘विकली’ एवढं लिहिलं. मुलीच्या दवाखान्याचा खर्च होता. समई ठेव म्हणायला आम्ही कोण?

पाटी कोण लिहिणार ह्यावर तीन सभा झाल्या. शेवटी ठरलं, ज्या घराची वस्तू त्या घरानं सांगायचं, लिहिणाऱ्यानं फक्त अक्षर काढायचं. आक्कांच्या भात्याची पाटी आक्कांनी सांगितली. तिच्यात आधी त्यांचं नाव आहे, मग नवऱ्याचं. भाता त्यांच्याच पडवीत आहे. कातडं तात्यांनी बदलून दिलं आणि त्याचे पैसे रोख घेतले.

पैशाचंच बोलायचं तर, यात्रेच्या दिवशी देवळाच्या पटांगणात कारागीर काम करून दाखवतात, त्याला दिवसाची मजुरी द्यायची, हा मुद्दा मी लावून धरला. विरोध झाला. ‘गावचं काम आहे, सेवा म्हणून करावं.’ फुकट राबवून घ्यायची सवय बलुत्याबरोबर गेली असं मला वाटायचं, ती गेलेली नाही. वर्गणीतनं मजुरी द्यायचं अखेर मंजूर झालं ते तात्यांच्या सुनेमुळं. ती सभेत उठून म्हणाली, ‘बँडवाल्याला देता न्हवं? मग मला का न्हाई?’ त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. ह्या वर्षी तिनं दोन तास वेणी घालून दाखवली. शाळेच्या सातवीतल्या दोन पोरी शिकायला बसल्या, त्यातली एक मराठ्याची. तिच्या आजीनं नाक मुरडलं, पण पोरगी उठली नाही.

अडचणी आहेतच. सुतारनाना गेले, आणि त्यांच्या पेटीतली चार हत्यारं कशाची हे आता कुणालाच सांगता येत नाही. ते बोलत होते तेव्हा फोनवर ध्वनिमुद्रण केलेलं, त्यात ह्या चार हत्यारांचा विषय निघालाच नव्हता. पावसाळ्यात खोलीच्या भिंतीला ओल येते, वाळवीनं एक वही खाल्ली, तेव्हापासून वहीची नक्कल ग्रामपंचायतीत ठेवतो. किल्ल्या दोन. एक शाळेत आणि दुसरी वर्षावर्षानं वाड्या बदलत फिरते. यंदा ती मांगवाड्यात आहे. ह्यावरनं कुणीतरी कुजबुजलं, पण उघड कुणी बोललं नाही.

आमची मोट अजून आमच्याच गोठ्यात आहे, वर आढ्याला नाही, खाली लाकडी घोडीवर. तात्यांनी बघून सांगितलं की कातडं वाळलंय, वर्षातनं दोनदा एरंडेल चोळायला हवं, नाहीतर तडकेल. ते आम्ही करतो. तिच्या पाटीला सहा ओळी आहेत. पहिली ओळ त्या निवृत्त शिक्षकांनी सांगितली: ‘हे काम आमच्या घरानं सोडलं.’ चांभाराची, मांगाची, सुताराची, लोहाराची, ह्या ओळी त्या त्या घरांनी भरून दिल्या. ढोराची ओळ रिकामी आहे. त्यांचं गावात एकच घर होतं, ओढ्याकाठी. कमावण्याची दगडी कुंडी तिथं अजून दिसते, तिच्यात घाणेरी उगवलीय. घर पन्नासेक वर्षांपूर्वी उठून इचलकरंजीला गेलं, मागावर काम करायला. आता तिथं नातू आहे असं कळलंय. पत्ता मिळालाय, दिवाळीनंतर तात्या आणि मी जाऊन येणार आहोत. मोटेचा फोटो बरोबर नेतोय.